डॉल्फिन डावीकडे होता

—नाही गं, ते आधी खोडून टाक. ‘म्युझियम, दोन तास.’ कुणी सांगितलं तुला हे, आश्लेषानं ना? आमची सून गुणी आहे, पण ती कधी गेलीये ग्लेनेल्गला? गेले मी. दोन महिने राहून आले, फेब्रुवारी-मार्च, तिथला उन्हाळा संपता संपता. टाउन हॉलमधलं ते म्युझियम वीस मिनिटांत होतं, आणि त्यातली दहा मिनिटं मी एसीसाठी बसले होते. लिही — वीस मिनिटं. तुझ्या नवऱ्याला ऑफिसनं तीन महिने ॲडलेडला पाठवलंय म्हणून तू काय तिथे भिंती बघत बसणार? नाही ना? मग नीट सांगते एकेक. चहा घे आधी, रुचा. ते बिस्किट नको, ते आश्लेषाचं डाएटवालं आहे, पुठ्ठ्यासारखं लागतं — हे घे, हे माझं, पिठाच्या डब्यामागे लपवलेलं.

तर ग्लेनेल्ग. इंग्रजीत पुढून वाच नाहीतर मागून वाच, ग्लेनेल्गच. ॲडलेड शहरातून ट्राममध्ये बसायचं आणि ट्राम थांबते तिथे उतरायचं, बास. उतरलं की चौक, चौकाच्या टोकाला समुद्र. हरवतो म्हटलं तरी हरवता येत नाही. आणि समुद्र म्हणजे — आता कसं सांगू, मी नागपूरची, तिथून आले ती ॲरिझोनातल्या या चँडलरला, जन्मभर पाणी म्हणजे काय बघितलं मी, फुटाळा तलाव आणि तुमच्या कम्युनिटीचा स्विमिंग पूल! ते एवढं पाणी उगाच पडलेलं बघून मला आधी तर रागच आला. वाळू पांढरी, रव्यासारखी. संध्याकाळी सूर्य सरळ पाण्यात बुडतो, आणि लोक काठावर बसून चिप्स खातात, आणि सीगल त्यांच्या हातातल्या चिप्स पळवतात. एका सीगलनं माझ्या हातातून नेली. मी त्याला मराठीत काय म्हटलं ते तुला सांगत नाही, तू लेकुरवाळी आहेस. लिही — चिप्स खाताना पाठ भिंतीला लावून बसणे.

मग जेटी. लाकडी-सिमेंटची लांब वाट, समुद्रात घुसलेली, तिच्यावर लोक गळ टाकून बसतात. खेकडे धरतात, माकूळ धरतात, आणि आपल्याला बघून हसतात. त्या जेटीवर सकाळी जायचं, आठ ते साडेआठ. का? अगं, इलाच्या यादीत तसं होतं म्हणून. इला म्हणजे माझी जाऊ, थोरली. ती तिथेच राहते, कुशकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. कुशच्या मुलीचं बारसं होतं म्हणून तर गेले मी. कुशनं फोन केला, काकू, तू आलीच पाहिजेस. आणि आमच्या आश्लेषानं त्याच रात्री तिकिटं बघितली. कुणाला कशाची घाई होती ते तू समजून घे. मी पण खूषच होते. सुनेला दोन महिने घर मिळालं, मला दोन महिने सून मिळाली नाही, चांगलंच की. पण हे तिला सांगू नकोस हं. तुमचा तो बायकांचा ग्रुप आहे ना, त्यात तर अजिबात नको.

हां, यादी. प्रणितानं, कुशच्या बायकोनं, यादी टाईप करून प्लास्टिकमध्ये घालून दिली होती. ‘काकूंना काय काय दाखवायचं.’ आणि दाखवणार कोण? इला. कारण कुश-प्रणिता दोघं तान्ह्या पोरीत अडकलेले. आता गंमत काय, की इला आणि मी बोलत नव्हतो. अकरा वर्षं. — असू दे, ते लिहू नकोस. तर ती मला घेऊन निघायची, ती पुढे, मी चार पावलं मागे, आणि तोंड उघडायची ते फक्त यादीतलं वाचायला. ‘ही जेटी.’ मी म्हणायचे, छान. ‘हा टाउन हॉल.’ छान. ‘हे आइस्क्रीमचं दुकान.’ छान. बास! आठ दिवस! घरी आलो की कुश विचारायचा, मजा आली का? दोघी एका सुरात — हो, खूप. एक दिवस तिनं मला ते म्हातारं झाड दाखवायला नेलं. ते बघ तू, खरंच बघ. गम ट्री म्हणतात, कमानीसारखं वाकलेलं, मेलेलं आहे पण जपून ठेवलंय, तिथेच म्हणे त्यांच्या राज्याची घोषणा झाली होती. इला मोठ्या ऐटीत म्हणाली, ‘हे ऐतिहासिक झाड.’ मी म्हटलं, आमच्या ॲरिझोनात निवडुंग याच्याहून उंच असतात, आणि जिवंत असतात. तिनं ओठ असे मिटून घेतले. मला काय आनंद झाला सांगू! खोटं कशाला बोलू.

का बोलत नव्हतो म्हणजे? अगं, मोठी गोष्ट आहे ती. घरातली. तुला काय करायचंय — सनस्क्रीन लिहिलंस का? लिही. ऊन इथल्यासारखंच, पण वारा गार असतो म्हणून कळत नाही. माझं नाक सोललं होतं.

…आता एवढं बघतेस तर सांगते. पण थोडक्यात. माझ्या सासूबाई, माई, आमच्याकडे नागपूरला असायच्या. बावीस वर्षं. त्यांचं पथ्य, त्यांची औषधं, त्यांचं ते रोजचं ‘चहा पाणचट झालाय’ — सगळं मी. आणि इला पुण्याहून वर्षातनं एकदा यायची चार दिवस, एक साडी आणि बाकरवडीचं पाकीट घेऊन. की माईंचा चेहरा असा उजळायचा! माझी इला आली, माझी इला आली. बाकरवडी! दात नव्हते गं त्यांना! तरी चघळत बसायच्या आणि म्हणायच्या, इलाला माझी आवड बरोबर कळते. मग माई आजारी पडल्या, हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी सुवर्णाला बोलवलं — सुवर्णा माझी नणंद, ती नागपुरातच, तिला तर बोलवायलाच हवं. आणि इलाला फोन केला. आणि म्हटलं, काही घाई नाही. बऱ्या आहेत.

हो. मीच म्हटलं.

अशी बघू नकोस. मला वाटलं, बावीस वर्षं मी काढली, शेवटचे चार दिवस पण मीच काढते. शेवटी तोंडात नाव यावं ते माझं यावं, एवढंच. एवढा पण हक्क नाही का माणसाला? आणि ऐक ना, माईंनी शेवटी नाव कुणाचं घेतलं? इलाचं नाही. माझं नाही. मांजराचं! शेजाऱ्यांची ठकी म्हणून एक मांजर होती, ती आमच्याकडे दूध प्यायला यायची. ‘ठकीला दूध दिलं का,’ एवढं विचारलं आणि गेल्या. हसतेस काय? हस, हस. मला पण तेव्हा हसू आलं होतं, हॉस्पिटलात, आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय.

इला दुसऱ्या दिवशी पोचली. तेराव्याला सगळे जमलेले, आणि सुवर्णानं सगळ्यांसमोर तिला विचारलं, आई जात होती आणि तुला यायला फुरसत झाली नाही? इला म्हणाली, नीलानं सांगितलं होतं घाई नाही म्हणून. झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस-पस्तीस माणसं, माझे हे, आमचा मुलगा चारुदत्त, सगळे. माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. आणि मी म्हटलं — मी असं कधी म्हटलं? — एवढं सोपं होतं बघ ते. एक वाक्य. जिलबी वाढत वाढत म्हटलं. इलानं माझ्याकडे पाहिलं, बॅग भरली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. ती पुढे मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेली, मी हे गेल्यावर चारुदत्तकडे इथे आले. हे गेले तेव्हा तिचा मेसेज आला होता, हात जोडलेला एक. एकच. मी पण उलट एक पाठवला. आणि सुवर्णा अजून प्रत्येक लग्नाकार्यात सांगते, थोरलीला आईच्या मरणाला यायला फुरसत नव्हती.

चहा गार झाला तुझा. गरम करू? नको? बरं.

तर डॉल्फिन! मेन गोष्ट तर राहिलीच. हे मोठ्या अक्षरांत लिही. यादीत सगळ्यात खाली प्रणितानं लिहिलं होतं ‘डॉल्फिनबरोबर पोहणे’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. इला यादीकडे बघून स्वतःशीच म्हणाली, हे आपल्या वयाचं नाही. मी म्हटलं, तुझ्या नसेल. एकाच वयाच्या आहोत आम्ही, सात महिन्यांनी मोठी ती! तिनं लगेच मोबाईल काढला आणि बोलत बोलत — म्हणजे न बोलता बोलता — दोघींचं बुकिंग करून टाकलं. मला वाटलं ती माघार घेईल, तिला वाटलं मी घेईन. कुणीच घेतली नाही. घरी सांगितलं, गणपतीच्या देवळात जातोय. मरिनावरून, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरून, बोट निघते सकाळी. फॉर्म भरायचा असतो, पोहता येतं का? इलानं तिरक्या नजरेनं माझा फॉर्म बघितला. मी टिक केलं, हो. तिनं पण केलं, हो. मी सातवीत असताना मामाच्या विहिरीत पोहलेय, डबा बांधून. मग इला? ती नऊ वर्षं समुद्राशेजारी राहून कधी घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, हे मला नंतर कळलं. आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची ना ती, ‘सकाळचं पोहणं’ म्हणून? पाय फक्त! पाय ओले करून फोटो काढायची आणि घरी यायची. तू मात्र नीट पोहता येत असेल तरच टिक कर हं. तशी घाबरायचं काही नाही, बोटीच्या मागे दोर सोडतात, तो धरायचा, आणि अंगात तो रबराचा सूट, बुडतो म्हटलं तरी बुडू देत नाही.

पण तो सूट चढवणं! अगं बाई गं. भेंडीत मसाला भरतात तसं स्वतःला भरायचं त्यात. दोघी त्या एवढ्याशा खोलीत, ही एक पाय वर करून नाचतेय, मी भिंत धरून. आणि त्याची चेन पाठीवर असते. आपला हात पोचतच नाही. मी आपली मान वळवतेय, हात मागे टाकतेय, आणि तिसऱ्या कुणाला हाक मारू म्हणून दार उघडणार, तेवढ्यात मागून इलाचा हात आला. गार हात. आणि म्हणाली, ‘पोट आत घे.’

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य. यादीत नसलेलं.

मी घेतलं आत. गेलं तेवढं घेतलं. मग मी तिची चेन लावली. पाठीचं हाड लागलं हाताला, केवढी वाळली होती ती.

पाण्यात उतरलो. थंड! काय थंड, दातावर दात. दोराला आम्ही दहा-बारा जण ओळीनं, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे, बोट हळूहळू ओढतेय, तोंडात ती श्वासाची नळी, तोंड पाण्यात घालून खाली बघायचं. इला माझ्या पुढेच. तिनं दोर असा धरला होता की बोटं पांढरी पडलेली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक — नाही, ठाऊक आहे. मला वाटलं, हिचे कान पाण्यात आहेत आणि तोंडात नळी आहे. हिला ऐकू जाणार नाही आणि गेलं तरी हिला बोलता येणार नाही. याच्याहून बरी जागा मला या जन्मात मिळणार नाही. मी माझी नळी काढली आणि म्हटलं, वहिनी, घाई नाही असं मी म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं.

तिनं डोकं वर काढलं. नळी काढली. आणि म्हणाली — ‘काय?’

आता काय करशील? बोटीचं इंजिन, लाटा, बोटीवरची गाईड पोरगी वरून ओरडतेय लेफ्ट, लेफ्ट. मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि ओरडून. वहिनी! मी खोटं बोलले! तेराव्याला! सगळ्यांसमोर! माझ्या तोंडात पाणी गेलं, नाकात गेलं, मी खोकतेय आणि ओरडतेय, मला वाटलं म्हणू दे मोठ्यानं, इथे कोण आहे मराठी समजणारं. आणि दोराच्या पार टोकाकडून अगदी शुद्ध मराठीत आवाज आला — ‘काकू, डावीकडे बघा ना, डॉल्फिन गेला!’ सांगलीची निघाली ती. नर्स. तिथल्या हॉस्पिटलात असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं तिनं, बोटीतून उतरताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, काकू, कुणाला सांगणार नाही. ती तिकडे सांगणार नाही आणि मी इकडे तुला सांगत बसलेय.

डॉल्फिन कसा असतो? मला काय माहीत! पाहिलाच नाही. तीन आले होते म्हणे, एक तर अगदी इलाच्या खांद्याजवळून गेला, सगळ्यांनी पाहिला. आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत होतो.

वर आल्यावर टॉवेल गुंडाळून बसलो, गरम काहीतरी दिलं त्यांनी कपातून. इलानं केसांतलं पाणी पिळून काढलं. मला वाटलं, आता ही मला पुन्हा पाण्यात ढकलते. आणि मग म्हणाली, मला फोनवरच कळलं होतं गं. मी म्हटलं, काय कळलं होतं? म्हणाली, तू मला जन्मभर ए वहिनी, ए वहिनी करतेस, आणि त्या दिवशी म्हणालीस, तुम्ही काही घाई करू नका. तू खोटं बोलायला लागलीस की अहो-जाहो करतेस. मला तेव्हाच कळलं माई जाणार. मी म्हटलं, मग आली का नाहीस? तर म्हणाली, त्याच्या दोनच वर्षं आधी आमच्या ह्यांचं जाणं बघितलं होतं ना मी. हॉस्पिटल, त्या नळ्या, ते सगळं. मला पुन्हा नव्हतं बघायचं. मला न येण्याला कारण पाहिजे होतं नीला, ते तू दिलंस. आणि सगळ्यांसमोर काढून घेतलंस.

असं म्हणाली. माझ्याकडे न बघता. कप असा दोन्ही हातांत धरून.

मग मी माझ्या कपातलं तिच्याकडे पुढे केलं, तिचं संपलं होतं. तिनं माझं पण पिऊन टाकलं सगळं. मला वाटलं होतं घोटभर घेईल.

घरी आलो तर कुश दारात. आमचे केस ओले, नाकं लाल. देवळात गेला होतात ना? मी तोंड उघडणार, तेवढ्यात इला शांतपणे म्हणाली, ‘अभिषेक होता.’ अगं, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसले! आणि मग उरलेले सात आठवडे आम्ही रोज सकाळी देवळात जायचो. रोज अभिषेक. प्रणिता तर म्हणायला लागली, काकू आल्यापासून आई किती धार्मिक झाल्या. कमरेइतक्या पाण्यात जायचो, हात धरून, लाट आली की दोघी किंचाळायचो. काठावर कुत्री फिरवणारे लोक आमच्याकडे बघून हात हलवायचे. ती शेवटी शेवटी दहा हात पोहायला लागली. मी पंधरा. तिला विचारशील तर उलटं सांगेल. तू गेलीस की भेटच तिला, नंबर देते, आता ती जेटी नुसती ‘ही जेटी’ म्हणून नाही दाखवायची. आणि देवळाबद्दल कुशसमोर बोलू नकोस.

काय? सुवर्णाला?

…सुवर्णाला कशाला सांगायचं. झालं ते झालं. इला स्वतः म्हणाली, जाऊ दे. म्हणजे असं नाही म्हणाली, काहीच म्हणाली नाही. एअरपोर्टवर मी म्हटलं, सुवर्णाला मी सांगते. ती म्हणाली, बघ तुला जमेल तसं. त्याला झालं आता वर्ष. मधे सुवर्णाचा फोन आला होता, तिच्या नातवाच्या मुंजीचा, तेव्हा पण म्हणाली, थोरलीला नाही बोलवत मी, तिला आपल्या घराची कधी आच नव्हती. मी म्हटलं, हं. — हं, एवढंच म्हटलं मी. इलाला मुंजीचं कळलं फोटो बघून. तिनं मला विचारलं पण नाही.

अगं, तसं नाही, मला सांगायचंच आहे. पण पाण्यात बोलता आलं ते जमिनीवर येत नाही, काय करू? फोन हातात घेतला की मला स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं. काल डाळ आठवली. डाळ करायचीच नव्हती काल. सुवर्णा म्हणेल, बारा वर्षं मला खोटं बोलायला लावलंस. बरोबरच म्हणेल. म्हणेल, लाज नाही वाटली? वाटली ना. रोज वाटायची. असं कुणाला तोंडावर कसं सांगायचं, की मी सासूच्या मरणात पण पहिला नंबर काढायला गेले, आणि —

…हे तुला सांगितलं की मी. आत्ता. सोफ्यावर बसून.

आणि तू काही म्हणाली पण नाहीस.

ऊठ. नाही, रागावले नाही, ऊठ तू, पर्स घे. इलाचा नंबर मेसेज करते तुला. चार वाजले इथे, म्हणजे नागपुरात पहाटेचे साडेचार, सुवर्णा पाचला उठते — असू दे, आज अर्धा तास आधी उठेल. थांबू नकोस गं दारात, तू थांबलीस तर मी पुन्हा चहा ठेवीन. जा. दार ओढून घे.

हॅलो… सुवर्णा?